एका हातात मावेल असं पुस्तक

१२ जानेवारी

प्रिय बारक्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र न उघडताच बाजूला ठेवू नकोस. अर्थात हे वाचतोयस म्हणजे उघडलं आहेस, तेव्हा ही ओळ वायाच गेली. जन्मभर दुसऱ्यांची प्रूफं तपासणाऱ्या बाईने पहिल्याच ओळीत अशी माती खावी, काय म्हणायचं.

आधीच सांगते, तब्येतीचं काही मागायला लिहीत नाहीये. किडनीचा विषय सहा वर्षांपूर्वी संपला. तू त्या दिवशी दवाखान्यात आला नाहीस हे सगळ्या घरादाराला ठाऊक आहे, त्यावर मला काही बोलायचं नाही. मला तुझ्याकडून एक पुस्तक हवंय. तुझा नवा पत्ता तुझ्या जुन्या ऑफिसातल्या एकाकडून मिळवला. मी सख्खी बहीण आहे म्हटल्यावर तो जरा घुटमळला. तुला बहीण आहे हे तिथे कुणाला माहीत नसावं.

माझं डायलिसिस सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, सकाळी सात ते अकरा. डाव्या हातात दोन सुया, त्या हाताने चार तास बोटसुद्धा हलवायचं नाही. उजवा हात मोकळा. आमच्या रांगेत चार खाटा आहेत आणि गेली तीन वर्षं त्यावर तीच चार माणसं आहेत. पहिल्या खाटेवर वकीलबाई, दुसरीवर मी, तिसरीवर टेलरकाका, चौथीवर गणिताचे निवृत्त मास्तर. टीव्हीवर काय लावायचं यावरून आमची रोज जुंपायची. शेवटी सिस्टरने वैतागून टीव्हीची वायरच काढून नेली आणि म्हणाली, "आता वाचा पुस्तकं." तिने रागाने म्हटलेलं आम्ही मनावर घेतलं.

अडचण एवढीच की पुस्तक एका हातात धरता आलं पाहिजे, पान त्याच हाताच्या अंगठ्याने उलटता आलं पाहिजे. त्यावर तोडगा टेलरकाकांनी काढला. कुठलंही पुस्तक आणलं की ते घरी नेतात, ब्लेडने त्याचे चार भाग करतात आणि प्रत्येक भाग काजं करायच्या जाड दोऱ्याने शिवून आणतात. एकच पुस्तक, चार पातळ वह्या, चार खाटा. ज्याच्या वाट्याला जो भाग येईल तिथून त्याने सुरुवात करायची, आणि चौघांचेही भाग वाचून झाले की सोमवारी अदलाबदल. त्यामुळे एकाला गोष्टीची सुरुवात कळते, एकाला शेवट, आणि मधल्या दोघांना काहीच कळत नाही. शेवट ज्याच्याकडे असेल त्याने तोंड शिवून बसायचं असा नियम आहे. मास्तरांना ते जमत नाही, ते भुवया उडवतात.

पुस्तक कुठलं आणायचं ते चिठ्ठी टाकून ठरतं. कापसाच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या आहेत, सिस्टर एक काढते. चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव नसतं, पुस्तक कसं हवं ते असतं. एकदा निघालं "ज्यात एकही डॉक्टर नाही". एकदा "ज्यात कुणीतरी नोकरी सोडतं आणि सुखी होतं", ते शोधायला आम्हाला दीड महिना लागला. एकदा मास्तरांची चिठ्ठी निघाली, "ज्याच्या पानांची संख्या अविभाज्य आहे". वकीलबाईंनी ग्रंथालयात अर्धा दिवस कपाटं उपसली आणि शेवटी अंगदुखीवरच्या व्यायामाचं पुस्तक आणलं. आम्ही तेही वाचलं.

या वेळी चिठ्ठी निघाली वकीलबाईंची. "ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्याला विचारून आणलेलं पुस्तक." आणि आणायची पाळी माझी.

मी म्हटलं, माझं सगळ्यांशी बोलणं चालू आहे, चिठ्ठी परत टाका. तर टेलरकाका, जे कधी मध्ये पडत नाहीत, ते म्हणाले, "तीन वर्षांत तुम्ही तुमच्या भावाबद्दल तीनदा बोललात. त्यांना विचारा की."

तेव्हा विचारते आहे. तुला वाचावंसं वाटलेलं कुठलंही पुस्तक. नाव कळवलंस तरी चालेल, मी मिळवीन.

ताई


२ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

पार्सल पोहोचलं. मला वाटलं होतं नुसतं नाव येईल, किंवा काहीच येणार नाही. तू अख्खं पुस्तक पाठवलंस, तेही स्वतःचं, कोपरे दुमडलेलं. आत चिठ्ठी असेल म्हणून मी ते दोनदा झटकलं. चिठ्ठी नव्हती. ठीक आहे.

शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने काढलेलं मांजर आहे, ते तुझ्या पोरीचं ना? आता आठ वर्षांची असेल. टेलरकाकांनी पुस्तक कापताना ते पान जपून चौथ्या भागात शिवलं. मास्तर म्हणतात, मांजराला पाच पाय आहेत. मी म्हटलं, एक शेपूट असेल, तुम्ही आधी चष्मा बदला.

पुस्तक सगळ्यांना आवडलंय. फळबागेत वाढलेल्या माणसाच्या आठवणी असतील असं तुझ्याकडून मला वाटलं नव्हतं, तू तर लहानपणी भाजी निवडायला सांगितली तरी पळायचास. चारशेबारा पानं, त्यातली निम्मी खाण्यापिण्याची. ज्यांना दिवसाला मोजून चार कप पाणी प्यायची मुभा आहे, फळांवर फुली आहे, मीठ वास घेण्यापुरतं आहे, अशा चार जणांना तू हे पाठवलंस. वकीलबाई म्हणाल्या, तुमच्या भावाने सूड उगवला. हसलो सगळे. सिस्टरने येऊन मशीनचे आकडे बघितले, कुणाचं काय बिघडलं म्हणून.

या पुस्तकामुळे एक नवा खेळ ठरला आहे. आपापल्या भागात जे खाल्लं जातं, त्यातला एक घास प्रत्येकाने घरी खरंच खायचा आणि सोमवारी येऊन त्याची चव सांगायची. आमच्या वाचन मंडळाने ठरवलं. एकच घास. माझ्या भागात पावाची करपलेली कड आणि मध आहे, ते सोपं आहे. मास्तरांकडे उकडलेलं अंडं आहे. वकीलबाईंकडे कुणी काही खातच नाही, बागेच्या वाटणीचं भांडण आहे, त्या म्हणाल्या ते मी रोजच खाते. टेलरकाकांच्या भागात संत्री आहेत.

माझं वजन मागच्या महिन्यात दोन किलोंनी घटलं. पायात गोळे येतात, बाकी ठीक. नव्या किडनीच्या यादीत माझा नंबर पुढे सरकतो म्हणतात. मी विचारायचं सोडलं आहे.

पुढचं पत्र लिहू का? नको असेल तर एक कोरं कार्ड टाक, मी समजेन.

ताई


१८ फेब्रुवारी

बारक्या,

टेलरकाका गेले. परवा, सोमवारी सकाळी.

आमच्यासारख्यांना शुक्रवार ते सोमवार हा सगळ्यात वाईट काळ. मध्ये दोन दिवस मशीन नाही, जे खाल्लं-प्यायलं ते सगळं अंगात साठतं. सोमवारी सात वाजता तिसरी खाट रिकामी होती. मला वाटलं, बस चुकली असेल. साडेसातला सिस्टरचा फोन वाजला आणि ती बाहेर जाऊन बोलली. ती बाहेर जाऊन बोलते तेव्हा काय झालेलं असतं ते आम्हाला माहीत आहे. तीन वर्षांत समोरच्या रांगेतले सहा जण गेले आहेत. आमच्या रांगेतलं कुणी नव्हतं गेलं.

संत्री खाल्ली होती. एक नाही. त्यांच्या बायकोला केराच्या डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली सालं सापडली, सहा संत्र्यांची. संत्र्यातलं पोटॅशियम आमच्या अंगातून बाहेर जात नाही, ते हृदय थांबवतं. कपडे करून निघाले होते, चपला घालताना खाली बसले ते बसलेच.

पुस्तक वाईट होतं असं मी म्हणत नाही. पण पाठवताना तू जरा विचार करायला हवा होतास. आमचं पथ्य काय असतं, कशाकशावर बंदी असते, हे तुला माहीत होतं. तपासण्या झाल्या तेव्हा आहारतज्ज्ञांच्या समोर तूच माझ्या शेजारी बसला होतास, यादी तूच लिहून घेतली होतीस. तुझा दोष आहे असं नाही. एवढंच की दुसरं एखादं पुस्तक असतं तर बरं झालं असतं.

आज तिसऱ्या खाटेवर एक नवीन मुलगी आली. ती चार तास भिंतीकडे तोंड करून होती. आम्ही तिघंही काही वाचलं नाही.

ताई


२४ फेब्रुवारी

बारक्या,

मागचं पत्र टाकल्यावर मला ते परत हवं होतं. पोस्टाच्या पेटीपाशी जाऊन उभीही राहिले. पेटीला हात घालून पत्र काढायचं वय राहिलं नाही, म्हणून घरी आले.

रविवारी आम्ही तिघं टेलरकाकांच्या घरी गेलो. खाली दुकान, वर दोन खोल्या. दुकानात टांगलेल्या कपड्यांना अजून गिऱ्हाइकांच्या मापांची चिटोरी टाचलेली आहेत. वर त्यांची बायको, दोन सुना, शेजारपाजारचे आठ-दहा जण. बाई रडत नव्हत्या. येईल त्याला एकच सांगत होत्या, की नातवंडांसाठी संत्री मीच आणली, यांना फळं नकोत हे माहीत असून टोपली मीच ओट्यावर ठेवली, मीच मारलं यांना. थोरली सून पाठीवरून हात फिरवत होती, पण "तसं नाही हो" असं ती एकदाही म्हणाली नाही.

मग बाईंनी उशाशी ठेवलेला तिसरा भाग आणून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "हे तुमच्या मंडळाचं. शनिवारी दिवसभर वाचत होते. हे पुस्तक कुणी निवडलं?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. वकीलबाई जमिनीकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "माझ्या भावाने पाठवलं होतं."

कुणीतरी म्हणालं, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. दुसरं कुणीतरी म्हणालं, असली पुस्तकं आजाऱ्याला पाठवतात का. बाईंनी मान हलवली. मला पाणी आणून दिलं गेलं, मी एक घोट घेऊन भांडं परत केलं.

बाहेर पडल्यावर जिन्यातच वकीलबाईंनी मला थांबवलं. त्या कोर्टात कशा बोलत असतील ते मला त्या दिवशी कळलं. हळू बोलतात. म्हणाल्या, "मी तिथे गप्प बसले, कारण ती बाई अजून भानावर नाही. तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणणार नाही. पुस्तक खरंच त्यांनी पाठवलं होतं. पण पुस्तक वाचून कुणी मरत नाही, ताई."

मास्तर एक पायरी खाली उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

तू हे वाचून काय म्हणशील ते मला माहीत नाही. मी तुझं नाव घेतलं हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी मीच सांगावं, म्हणून लिहिलं. दुसरं कुणी तुला सांगणार कसं, याचा विचार आत्ता लिहिताना आला.

ताई


९ मार्च

प्रिय बारक्या,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते, चुका तपासणार नाही.

आधी संत्र्याचं. खेळ "मंडळाने ठरवला" असं मी तुला लिहिलं होतं. मंडळाने काही ठरवलं नव्हतं. ती कल्पना माझी. वकीलबाई नको म्हणाल्या होत्या, मास्तर म्हणाले होते डॉक्टरांना विचारू. मी दोघांची टिंगल केली. आणि टेलरकाकांनी मला विचारलं होतं. शुक्रवारी, सुया काढून झाल्यावर, हातावर कापूस दाबून बसलो होतो तेव्हा. "ताई, संत्रं चालेल का हो?" मी म्हटलं, "एका फोडीने काय होतं काका? मी तर खाते अधूनमधून. मला काही झालंय का?"

बारक्या, मी सहा वर्षांत संत्र्याला हात लावलेला नाही. मला भीती वाटते. पण त्या वेळी मला धीट दिसायचं होतं. त्या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला. एक फोड खाऊन काही झालं नाही, म्हणून दुसरी खाल्ली असेल. वर्षानुवर्षं उपाशी असलेला माणूस दोन फोडींवर थांबत नाही, हे मला समजायला हवं होतं, कारण मीही तशीच आहे.

आणि मग मी तुझं नाव पुढे केलं. जिन्यात वकीलबाई बोलल्या तेव्हा मला राग आला, घरी येईपर्यंत राग होता. घरी आल्यावर लक्षात आलं, की मी हे पहिल्यांदा केलेलं नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, "तू त्या दिवशी आला नाहीस." ते वाचून तू काय म्हणाला असशील. तू तर चार दिवस आधीच येऊन सांगितलं होतंस. माझ्या स्वयंपाकघरात, स्टुलावर बसून. "ताई, मला किडनी द्यायला नाही जमणार. पोरगी दोन वर्षांची आहे. मला भीती वाटते." मी चहा केला. म्हटलं, वेड्या, एवढंच ना. डॉक्टरांना मी सांगते, आईला मी सांगते. तू कुणाला फोन करू नकोस, आणि त्या दिवशी तुझा फोन बंद ठेव, मामा चिडतील, मी आधी त्यांना शांत करते. तू माझ्या हाताला हात लावून रडलास आणि गेलास.

मी कुणाला सांगितलं नाही.

तुला वाटत असेल की मी सांगितलं, आणि तू नाही म्हणालास म्हणून सगळ्यांनी तुला टाकलं. तसं झालेलं नाही. मी चार दिवस गप्प बसले. ठरल्या दिवशी आईने तुझ्यासाठी आणि माझ्यासाठी अशा दोन पिशव्या भरल्या, तुझ्या पिशवीत तुझा जुना स्वेटर घातला. मी ते बघत होते. मग आई, मामा आणि मी दवाखान्यात गेलो आणि ऑपरेशनच्या मजल्यावर बाकावर बसलो. साडेआठ ते साडेअकरा. मला माहीत होतं तू येणार नाहीस. मी त्यांच्याबरोबर घड्याळाकडे बघत होते. लिफ्टचं दार उघडलं की आई उठून उभी राहायची, आणि मीही उठायची. आईने तुला अकरा वेळा फोन लावला. प्रत्येक वेळी बंद. ऑपरेशन करणारे डॉक्टर दोनदा बाहेर येऊन गेले. मामांनी तुला शिव्या द्यायला सुरुवात केली, तेव्हाही मी गप्प होते.

का, ते मी सहा वर्षं स्वतःलाही नीट सांगितलं नाही. तू स्वयंपाकघरातून गेलास तेव्हा मला तुझा राग नव्हता आला, खरंच. दुसऱ्या दिवशी आला. मी मरणार, आणि हा घरी जाऊन पोरीला मांडीवर घेणार, असं मनात आलं आणि ते जाईना. मी एकटीने ते का सोसायचं? सगळ्यांनी बघावं, असं वाटलं. सगळ्यांनी बाकावर बसून वाट बघावी आणि तू न येणं म्हणजे काय असतं ते त्यांनाही कळावं.

साडेअकरा वाजता आई म्हणाली, "नाही म्हणाला असता तर मी त्याला काही बोलले नसते. दोघंही माझीच आहेत. पण न सांगता पळाला." तेव्हासुद्धा वेळ होती. एक वाक्य बोलायचं होतं. मी ते बोलले नाही, आणि तिने पुढे तुझा फोन आला तरी न ऐकता ठेवून दिला. तू नाही म्हणालास याचा आईला राग नव्हता, बारक्या. तू नाही म्हणालास हे तिला माहीतच नव्हतं.

आता सगळं सांगितलं.

ताई


३० मार्च

प्रिय बारक्या,

तुझं काही आलं नाही, यावं अशी अपेक्षाही नाही. काय काय झालं तेवढं कळवते.

टेलरकाकांच्या बायकोकडे परत गेले, या वेळी एकटी. त्या दुकानात बसून एका शर्टाला बटणं लावत होत्या, गिऱ्हाइकांचे राहिलेले कपडे पुरे करून देणार आहेत. मी उभ्याउभ्याच सांगितलं. खेळ माझा होता, काकांनी मला विचारलं होतं, मी खाते म्हणून खोटं सांगितलं होतं. भावाने फक्त पुस्तक पाठवलं. त्यांनी हातातलं बटण पूर्ण लावलं, दोरा तोडला. मग म्हणाल्या, "त्या दिवशी सांगायचं होतंत. त्या दिवशी सगळे होते. आता मी कुणाकुणाला बोलावून सांगू?" थोरली सून तेव्हापासून त्यांच्याशी कामापुरतं बोलते. मी म्हटलं, मी सांगते तिला. त्या म्हणाल्या, "ती वर आहे. जा."

मी वर जाऊन सांगितलं. सून ओट्याला टेकून उभी राहून सगळं ऐकत होती. शेवटी तिने मला बाहेर जायला सांगितलं. आवाज चढवला नाही, दार उघडून धरलं फक्त. मी उतरत होते तेव्हा ती माझ्या मागून खाली दुकानात आली आणि सासूच्या समोरच्या स्टुलावर जाऊन बसली. त्या पुढे काय बोलल्या ते मी ऐकलं नाही.

मग मी पत्रं लिहिली. मामांना, मावशीला, दोन्ही आत्यांना, तुझ्या सासऱ्यांनासुद्धा. सगळ्यांना तेच, स्वयंपाकघरापासून बाकापर्यंत. अकरा पत्रं झाली. माझा हात सुजला, सिस्टर ओरडली.

मामांचा फोन आला. त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे ते तीन तास तुला माहीत होतं?" मी हो म्हटलं. त्यांनी फोन ठेवला. मावशीने लिहिलंय की तुझा पत्ता पाठव, तिला तुझ्या पोरीला बघायचंय. मी पाठवला आहे, तुला न विचारता. इतर कुणाचं उत्तर आलेलं नाही.

आमचं मंडळ मोडलं नाही. वकीलबाई माझ्याशी बोलतात, पूर्वीसारखं नाही, पण बोलतात. तिसऱ्या खाटेवरची मुलगी परवा पहिल्यांदा भिंतीवरून तोंड वळवून म्हणाली, मीपण चिठ्ठी टाकू का? तिने लिहिलं, "ज्यात कुणी आजारी नाही". असं पुस्तक मिळत नाही, हे आम्ही तिला सांगितलं नाही. मास्तर शोधताहेत. शिवायला आता कुणी नाही. मी एक जुनं कॅलेंडर घेऊन शिवून बघितलं, सुई बोटात गेली आणि रक्त थांबेना, म्हणून तो नाद सोडला.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले, ते. मागच्या पत्रात मी लिहिलं की सगळं सांगितलं. सगळं नव्हतं सांगितलं. ज्या अकरा जणांना पत्रं गेली त्यांनाही हे कळवलेलं नाही, कारण हे तुझ्याआधी कुणाला कळवायचं मला धाडस नाही.

आई शेवटचे नऊ दिवस माझ्याकडे होती. तुला वाटतं की ती शेवटपर्यंत तुझ्यावर रागावलेली होती. मामांनी तुला फोन करून सांगितलं तेव्हा सगळं उरकलं होतं, आणि ते म्हणाले, त्या दिवशी आला नाहीस, आता कशाला येतोस. ते मामा बोलले. आई तसं बोलली नव्हती. सहाव्या दिवशी सकाळी मी तिचं अंग पुसत होते, तेव्हा ती म्हणाली, "त्याला बोलाव गं. मला राग नाही आता. नुसतं बघायचंय." मी हो म्हटलं. तू आला असतास तर तिने पहिलं तेच विचारलं असतं, का पळालास, आणि तू तिला खरं सांगितलं असतंस.

आठव्या दिवशी तिने विचारलं, "कळवलंस ना त्याला?"

मी म्हटलं, "कळवलं. येत नाही म्हणाला."

ती "बरं" म्हणाली. मग तिने दाराकडे बघायचं सोडलं.

मी तुला कळवलंच नव्हतं, बारक्या.

ताई